खाजेची ट्यूब मागण्याआधी: गजकर्ण, चिखल्या, खरूज आणि बाकीचं पुरळ

पावसाळा लागला की मेडिकलच्या काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "खाजेची ट्यूब द्या ना, मागच्या वेळी दिली होती तीच." मी फार्मासिस्ट आहे, त्यामुळे हे रोजचंच. अडचण अशी की खाज हा काही आजार नाही, लक्षण आहे. बुरशीने खाज येते, किड्याने येते, घामाने येते, टिकलीच्या गोंदाने येते, नुसत्या कोरड्या हवेनेही येते, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं, काही वेळा तर एकाचं औषध दुसऱ्याला खतपाणीच घालतं. शेजारच्या काकूंना ज्या ट्यूबने आराम पडला ती तुम्ही लावली आणि तुमचा रुपयाएवढा चट्टा पोटभर पसरला असं होतं ते ह्याचमुळे. तर घरच्या घरी काय करता येतं, कशाच्या वाटेला जाऊ नये आणि कुठे थेट डॉक्टरकडे जायचं ते सांगतो, आणि गजकर्णावर जरा जास्तच बोलणार आहे कारण सगळा घोळ तिथेच आहे.

गजकर्ण म्हणा, नायटा म्हणा, रिंगवर्म म्हणा, हा किडा नाही, बुरशी आहे. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, त्यात केराटिन नावाचं प्रथिन असतं, तेच नखात आणि केसातही, आणि ही बुरशी त्यावरच जगते. एका जागी रुजली की चहूबाजूंनी बाहेर सरकत जाते, मधल्या भागात शरीर थोडंफार लढून जागा साफ करतं, म्हणून मधे निवळल्यासारखं दिसतं आणि कड मात्र लाल, उठलेली, बारीक पुटकुळ्या आणि पापुद्रे असलेली राहते. कडेवरून बोट फिरवलं तर खरखरीत लागतं बघा. बुरशीचा जोर तिथे असतो, त्यामुळे मलम चट्ट्याच्या मधोमध थापून उपयोग नाही, चट्ट्याच्या बाहेरची चांगली दिसणारी साधारण दोन सेंटिमीटर कातडी धरून बाहेरून आत लावायचं.

तिला हवं काय तर ऊब आणि ओल. म्हणून जांघ, काख, कंबर, छातीखालची घडी, पोट सुटलेलं असेल तर त्याच्या खालची घडी ह्या तिच्या आवडत्या जागा. आणि अजून एक जागा जी कोणी धरतच नाही ती म्हणजे करगोट्याखालची. कमरेचा काळा दोरा आंघोळीत भिजतो, दिवसभर घामाने ओला राहतो, तो सुकायला कधी संधीच मिळत नाही, आणि कातडीचा चट्टा औषधाने गेला तरी दोऱ्यात बुरशीचे कण तसेच बसून राहतात. कमरेभोवती बरोब्बर दोऱ्याच्या रेषेत गजकर्ण फिरलेलं असतं आणि माणूस महिनोन् महिने मलमं बदलत असतो. डॉक्टर तो काढायला सांगतात तेव्हा घरातली मोठी माणसं नाराज होतात, ठीक आहे, पण निदान बरं होईपर्यंत तरी काढून ठेवा, नंतर नवीन घाला. हातातले धागे, गंडे, रबराचे बँड ह्यांचंही तेच.

आता त्या ट्यूबवर येतो. दुकानात जी सगळ्यात जास्त खपते तिच्यात बहुतेक वेळा तीन औषधं एकत्र असतात: एक बुरशीवरचं, एक बॅक्टेरियावरचं आणि एक स्टिरॉइड. कल्पना अशी की दुखणं काहीही असो, तिघांतलं एक तरी लागू पडेल. आणि लागू पडल्यासारखं वाटतंही, कारण स्टिरॉइड दाह दाबतं, लाली जाते, खाज दोन दिवसांत थांबते, पेशंट खूश. पण कातडी लाल होते, खाजते, ती तुमच्या शरीराची बुरशीशी चाललेली मारामारी असते, स्टिरॉइड ती मारामारीच बंद करतं, बुरशी नाही. म्हणजे वॉचमनला झोपेची गोळी देऊन बिल्डिंगमधला आरडाओरडा थांबवल्यासारखं झालं. चोर आतच. बरं वाटलं म्हणून माणूस चार दिवसांनी ट्यूब बंद करतो, आठवड्याभरात खाज डबल जोराने परत येते, मग परत तीच ट्यूब, कारण "मागच्या वेळी तिनेच फरक पडला होता". असे तीन-चार फेरे झाले की चट्ट्याचं रूपच बदलतं, गोल कड जाते, एकात एक वर्तुळं दिसायला लागतात, नाहीतर नुसताच पसरट काळपट भाग उरतो, इतका की नवीन डॉक्टरला बघून पटकन ओळखू येत नाही.

ह्यात जांघेचं प्रकरण सगळ्यात वाईट. कातडी सगळीकडे सारखी जाड नसते. हायड्रोकॉर्टिसोन ह्या सौम्य स्टिरॉइडवर १९६७ साली छापून आलेला एक जुना अभ्यास आहे, त्यात हाताच्या आतल्या बाजूला जेवढं औषध शरीरात शिरतं ते १ धरलं तर कपाळावर ६ पट, जबड्याच्या कोपऱ्यावर १३ पट आणि अंडकोशाच्या कातडीत ४२ पट शिरलं होतं. आणि आपण जांघेत काय लावतो, तर क्लोबेटासॉल, जे लावायच्या स्टिरॉइडमधलं सगळ्यात जोरदार मानलं जातं. काही आठवड्यांत कातडी पातळ होते, खालच्या रक्तवाहिन्या दिसायला लागतात आणि मांडीच्या आतल्या बाजूला रुंद लालसर जांभळट भेगांसारखे व्रण पडतात, गरोदरपणात पोटावर पडतात त्या जातीचे. ते पुढे पांढरट होतात पण जात नाहीत. गजकर्ण एखाद दिवस बरं होईल, हे व्रण राहणार. विशीतली पोरं लाजेपोटी कोणाला न दाखवता वर्षभर ट्यूब लावतात आणि मग हे घेऊन बसतात. चेहऱ्यावर गोरं व्हायला म्हणून हीच मलमं लावणाऱ्या मुलींची कथा तर निराळीच, तो विषय परत कधी.

सरकारने काही केलं नाही असं नाही. २०१८ साली १४ लावायची स्टिरॉइड डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम आला, त्वचारोग डॉक्टरांची संघटना त्यासाठी आधीपासून मागे लागलेली होती. पण नियम कागदावर आणि ट्यूब काउंटरवर हे आपल्याकडे सुखाने नांदतात. मी देत नाही म्हटलं की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, एवढं साधं गणित आहे. त्यामुळे बॉक्सवरची बारीक अक्षरं वाचायची सवय तुम्हीच लावून घ्या. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, ह्यातलं काहीही दिसलं की ते स्टिरॉइड. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, केटोकोनाझोल, ल्युलिकोनाझोल, टर्बिनाफिन ही बुरशीवरची. बुरशीवरचं एकटं औषध असलेली ट्यूब मिळते, बऱ्याचदा महागही नसते, फक्त तिने खाज दोन दिवसांत थांबत नाही, आठवडाभर धीर धरावा लागतो, आणि तोच आपल्याकडे नसतो.

स्टिरॉइड म्हणजे विषच असंही कोणी समजू नका. इसबावर, ॲलर्जीवर, सोरायसिसवर डॉक्टर तेच देतात आणि बरोबर देतात, किती दिवस आणि कुठे हे ठरवून. चूक आहे ती बुरशीवर ते लावण्यात, आणि मनाने लावण्यात. आणि तुम्ही आधीच महिनोन् महिने लावत असाल, विशेषतः तोंडावर, तर हे वाचून एकदम बंदही करू नका, कारण तसं केल्यावर चेहरा लालबुंद होतो, आग आग होते. ते हळूहळू सोडवावं लागतं आणि ते काम त्वचेच्या डॉक्टरचं.

"पूर्वी गजकर्ण आठ-पंधरा दिवसांत जायचं हो, आता का जात नाही" हा प्रश्न बरेच जण विचारतात आणि त्यात तथ्य आहे. गेल्या दहाएक वर्षांत भारतात पसरलेल्या गजकर्णाची बुरशीच वेगळी निघाली आहे. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं, जपानमधल्या एका भारतीय आणि एका नेपाळी पेशंटकडून मिळालेल्या नमुन्यांवरून, आणि नावातला इंडो तो आपलाच. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिच्या केसेस नोंदल्या गेल्या. तिची गोम अशी की टर्बिनाफिन ज्या एन्झाइमला अडवून बुरशी मारतं त्या एन्झाइमच्या जनुकातच तिच्या बऱ्याच प्रकारांत बदल झालाय, म्हणून पूर्वी हमखास चालणारी ती गोळी आता अनेकांना लागूच पडत नाही. डॉक्टर मग दुसरी गोळी देतात, जास्त दिवस देतात, कधी मधेच लिव्हरची टेस्ट करायला सांगतात. त्यामुळे गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडणं किंवा मित्राच्या चिठ्ठीवरून आपण घेणं, दोन्ही नको. हे असं का झालं ह्याचं एकच एक कारण नाही, पण स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांचा हात त्यात आहे असं बहुतेक त्वचारोगतज्ज्ञ मानतात.

मग घरात काय करायचं? मलम दिवसातनं दोनदा, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवायचं, कारण डोळ्याला दिसत नाही म्हणजे बुरशी मेली असं नाही. प्रमाण हवं असेल तर तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत ट्यूबमधनं काढलेली दोरी साधारण दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. आंघोळीनंतर जांघ, काख टॉवेलने टिपून कोरडी करायची, घासायची नाही, दोन मिनिटं पंख्याखाली उभं राहायचं आणि मग मलम. टॉवेल ज्याचा त्याचा. चार माणसांत एक पंचा आणि एक साबणाची वडी असेल तर एकट्याने औषध घेऊन फायदा नाही, घरात अजून कोणाला खाज आहे का ते विचाराच, सासूबाई सांगत नाहीत म्हणजे त्यांना नाही असं नसतं. पेशंटचे कपडे बाकीच्यांच्या कपड्यांबरोबर बादलीत भिजत घालू नका, शक्य असेल तर कडक गरम पाण्यात, साठ अंशांच्या आसपास, धुवा आणि उलटे करून उन्हात घाला. आता मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये ऊन कुठून आणायचं, तर इस्त्री. आतले कपडे, विशेषतः शिवणी आणि इलॅस्टिकच्या जागा, गरम इस्त्रीने फिरवून घ्यायच्या, ओलसर चड्डी "अंगावर सुकेल" म्हणून घालायची नाही. टाइट जीन्स त्या दोन-तीन महिन्यांत कपाटात राहू दे. कपड्यांवर पडलेल्या पापुद्र्यांत ही बुरशी महिनोन् महिने टिकते त्यामुळे हा खटाटोप मलमाइतकाच महत्त्वाचा आहे, किंबहुना माझ्या मते अर्ध्याअधिक लोकांचं गजकर्ण औषधामुळे नाही तर टॉवेलमुळे अडलेलं असतं.

चिखल्या हा त्याचाच पावसाळी भाऊ. भाताची लावणी करणाऱ्या बाया दिवसच्या दिवस चिखलात उभ्या असतात, शहरात लोक ओले मोजे घालून लोकलमध्ये, परिणाम एकच, बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडून फुगते, सोलवटते, चिरते आणि मग पाणी लागलं की जीव जातो. ह्यात बुरशी असते, बॅक्टेरियाही असतात, दोन्ही ओलीवर पोसलेले. घरी आलं की पाय साध्या पाण्याने आणि साबणाने धुवायचे आणि बेचक्या एकेक करून कोरड्या करायच्या, हे कोणीच करत नाही, आपण पायपुसण्यावर पाय आपटतो आणि झालं. रात्री बेचक्यांत बुरशीवरची पावडर किंवा मलम. जोडवी तेवढे दिवस काढून ठेवावीत, खाली साबण आणि पाणी अडकून राहतं. मेंदी लावायची पद्धत गावाकडे आहे, साध्या पाल्याची मेंदी असेल तर तिने कातडी जरा घट्ट आणि कोरडी होते, वाईट नाही, पण चीर पडली असेल तर नको. कोकमतेल टाचांच्या भेगांना उत्तम, खरंच उत्तम, पण ते बेचक्यांत भरू नका, ओल आत कोंडली जाते. आणि डायबिटीस असेल तर चिखल्यांना किरकोळ समजू नका, त्या चिरेतनं जंतू आत शिरतात आणि पाय सुजून लाल, गरम होतो, ताप येतो, तो थेट हॉस्पिटलचा मामला.

खरजेची गोष्ट पूर्ण वेगळी, कारण इथे खरोखरचा किडा आहे, अर्ध्या मिलिमीटरहून लहान, मादी कातडीत बीळ करून अंडी घालते. ओळखायची खूण म्हणजे रात्री अंथरुणात गेल्यावर खाज वाढते, आणि हाताच्या बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबीभोवती, कमरेला, पुरुषांच्या लिंगावर बारीक पुटकुळ्या दिसतात. आणि घरात दोघातिघांना एकदमच खाज असते, ही खूण सगळ्यात भरवशाची. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे ज्याला आत्ता काही होत नाही तोही किडे घेऊन फिरत असू शकतो. म्हणून औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज असो नसो. परमेथ्रिन ५ टक्के क्रीम मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, नखांखाली, बेंबीत, ढुंगणाच्या घडीत, काहीही न सोडता लावायचं, आठ ते चौदा तास ठेवायचं आणि सकाळी आंघोळ, हात मधे धुतले तर हातांना परत लावायचं. एका आठवड्याने पुन्हा एकदा. खाजतंय तिथेच ठिपके ठिपके लावून लोक म्हणतात औषधात दम नाही. तान्हं बाळ असेल किंवा घरात कोणी गरोदर असेल तर आधी डॉक्टरला विचारा, त्यांच्यासाठी गंधकाचं मलम हाही जुना आणि चांगला पर्याय आहे. कपडे, चादरी गरम पाण्यात, आणि जे धुता येत नाही, गोधडी वगैरे, ते प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून आठवडाभर ठेवा, माणसाच्या अंगाबाहेर तो किडा दोन-तीन दिवसांहून जास्त जगत नाही. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते, ती मेलेल्या किड्यांची ॲलर्जी, तेव्हा घाबरून रोज क्रीम फासू नका. होस्टेलच्या आणि आश्रमशाळांच्या पोरांना हे फार होतं, सुट्टीत घरी आली की घरभर.

घामोळ्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. घामाची नळी तोंडाशी बंद होते, घाम आतच अडकतो. गार पाण्याची आंघोळ, सुती सैल कपडा, पंखा, कॅलामाइन लोशन, बस्स. त्यावर तेल किंवा जाड क्रीम चोपडू नका, नळ्या अजून बंद होतील, आणि बाळाला पावडरचे थर देऊ नका, ती घामात भिजून घड्यांमध्ये लगदा होते, उडालेली पावडर श्वासातनं आत जाते ते वेगळंच.

अंगावर पित्त उठतं, म्हणजे गांधी येतात, त्याचा पोटातल्या ॲसिडिटीशी संबंध लावला जातो, पण ते हिस्टामिन नावाच्या रसायनाचं काम आहे. एकेक गांधी सहसा चोवीस तासांत जाते आणि दुसरीकडे उठते. कोकणात आमसुलाचं पाणी अंगाला लावतात, गार वाटतं, खाज तेवढ्यापुरती कमी होते, करायला हरकत काहीच नाही. सेटिरिझिनसारखी गोळी लागते बऱ्याचदा, तिने झोप येते, घेऊन गाडी चालवू नका. पण ओठ, पापण्या, जीभ सुजली, आवाज बदलला किंवा श्वास अडकायला लागला तर आमसूल, गोळी काही शोधत बसायचं नाही, १०८ ला फोन किंवा जवळचं हॉस्पिटल.

नागीण म्हणजे कांजिण्यांचाच विषाणू, लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यावर तो नसांच्या मुळाशी झोपून राहतो आणि वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली की एका नसेच्या पट्ट्यात उठतो. आधी दोन-तीन दिवस नुसती आग, टोचणं, लोक हार्ट अटॅक समजून ईसीजी काढून येतात, मग पाण्याचे फोड, शरीराच्या एकाच बाजूला. दोन टोकं जुळली की माणूस जातो ही समजूत अजून जोरात आहे, ती खोटी आहे, नस एका बाजूचीच असते म्हणून टोकं सहसा जुळतच नाहीत. गेरू लावणं, मंत्र घालणं ह्यात जो वेळ जातो तो मात्र महागात पडतो, कारण विषाणूवरच्या गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर जास्त फायदा, नंतर महिनोन् महिने राहणाऱ्या नसेच्या दुखण्याची भीती म्हाताऱ्यांना जास्त असते. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळ्याच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी.

मग ॲलर्जीचं पुरळ, ह्याला औषधापेक्षा डिटेक्टिव्हगिरी लागते. टिकलीच्या जागीच खाज, पुढे तिथे पांढरा डाग, तो टिकलीच्या गोंदातल्या रसायनाचा प्रताप असू शकतो. हेअर डाय लावल्यावर दोन दिवसांनी कानामागे, कपाळाच्या कडेला पाणी सुटलं तर डायमधलं पीपीडी नावाचं रसायन, आणि "काळी मेंदी" म्हणून मिळते तिच्यातही बऱ्याचदा तेच असतं. शेतकरी माणसाचा चेहरा, पापण्या, मान, कोपराची घडी सारखी काळपट, जाड, खाजरी होत असेल आणि दर वर्षी त्याच दिवसांत वाढत असेल तर गाजरगवत आठवा, पन्नासच्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलेलं हे गवत आता बांधाबांधावर आहे, ते उपटायलाच हवं असं नाही, त्याचे कण हवेतनं कातडीवर बसले तरी पुरे.

राहिले आपले लाडके घरगुती उपाय. कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ केली तर बिघडत काही नाही, बरं वाटतं, पण तेवढ्याने गजकर्ण किंवा खरूज गेली असं धरून चालू नका. हळदीत जंतूंवर काम करणारं द्रव्य आहे हे खरं, पण लेप लावून कातडीत ते कितपत शिरतं हा प्रश्न आहे, आणि पिवळ्या रंगाखाली लाली वाढतेय की कमी होतेय ते दिसत नाही, डॉक्टरलाही दिसत नाही. खोबरेल कोरड्या कातडीला, मुलांच्या कोरड्या इसबाला आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावलं तर फार छान काम करतं, जांघेतल्या ओल्या बुरशीवर नाही. लिंबू चोळून उन्हात गेलात तर तिथे भाजल्यासारखे फोड येऊन काळा डाग पडतो, लिंबातली द्रव्यं आणि सूर्यप्रकाश ह्यांची ती रिॲक्शन आहे. लसूण ठेचून बांधला की कातडी अक्षरशः भाजते. बिब्बा तर नकोच नको, बिब्बा उतला की मूळ दुखणं परवडलं म्हणायची पाळी येते. टूथपेस्ट, चुना, रॉकेल, कसलंतरी ॲसिड, हे सगळं लोक लावून येतात. आंघोळीच्या बादलीत रोज अँटिसेप्टिक ओतणंही बंद करा, खाजऱ्या कातडीला ते अजून सुकवतं, चुरचुरवतं.

घरी कशाची वाट बघायची नाही तेही सांगतो. नवीन गोळी सुरू केल्यावर पुरळ आलं आणि त्याबरोबर ताप, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा, कातडी सोलवटणं, तर गोळीचं पाकीट घेऊन लगेच हॉस्पिटल. दाबल्यावर न फिकटणारे लाल जांभळे ठिपके तापात आले तर तसंच. लहान मुलाच्या नाकातोंडाभोवती मधाच्या रंगाच्या खपल्या असतील तर ते बॅक्टेरियाचं असतं, पटकन पसरतं, बरं होईपर्यंत शाळेत पाठवू नका. आणि एक चट्टा असा आहे ज्याला खाजच येत नाही, दुखतही नाही, फिकट किंवा लालसर असतो आणि त्यावर कापूस फिरवला तर कळत नाही. तो महिनोन् महिने अंगावर बसलेला असतो कारण त्रास काहीच नसतो, आणि तोच दाखवायला सगळ्यात आधी पळावं, कारण तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याची तपासणी आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट असतात, वेळेत घेतल्या तर हातापायांना काही होत नाही.

डॉक्टरकडे जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून न्या, आणि पुरळ येतं-जातं असेल तर मोबाइलवर उजेडात फोटो काढून ठेवा. जायच्या दिवशी सकाळी चट्ट्यावर काहीही लावू नका, पापुद्रा खरवडून मायक्रोस्कोपखाली बघायचा असेल तर मलम आडवं येतं.